रॅम भरते, रीस्टार्ट करतो, पुन्हा भरते: जावा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या मेमरीचा हिशेब

तक्रार ओळखीची आहे. सर्व्हर सुरू केला की सगळं सुरळीत. मग रॅमचा आकडा हळूहळू चढत जातो, पानं उघडायला वेळ लागतो आणि एके रात्री प्रोसेस गायब होते. कोणीतरी रीस्टार्ट मारतं आणि काही दिवस शांतता. मग पुन्हा तेच. शेवटी बैठकीत ठरतं की हीप, म्हणजे जावा प्रोग्रामचे ऑब्जेक्ट राहतात ती जागा, वाढवू. एक्सएमएक्स, म्हणजे हीपची कमाल मर्यादा, ४ जीबीवरून ६ जीबी होतो आणि प्रोसेस पूर्वीपेक्षा लवकर मरू लागते.

८ जीबीच्या मशीनवर असं होण्यात आश्चर्य काहीच नाही. हीप वाढवल्यावर त्रास का वाढला, हे कळलं की बाकीचा गुंता बराचसा सुटतो. खालची उदाहरणं लिनक्सवरचा टॉमकॅट हा जावा सर्व्हर धरून दिली आहेत. तुमचा सर्व्हर दुसरा असला तरी खाली जावाची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जेव्हीएम, तीच असते. त्यामुळे फाइलींची नावं बदलतील, हिशेब तोच राहील.

आधी बघा: मेली की मारली?

सेटिंगला हात लावण्याआधी एवढं नक्की करा. "मेमरी संपली" या एकाच वाक्याखाली तीन वेगळे प्रकार लपलेले असतात आणि त्यांचे उपाय कधीकधी अगदी उलट असतात.

पहिला प्रकार: ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये "आउटऑफमेमरीएरर" दिसतो. इथे जेव्हीएमने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा संपली आहे. मशीनवर रॅम मोकळी असू शकते. प्रोसेस बहुतेक वेळा जिवंतच असते, पण लंगडत चालते. काही थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधले एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, मेलेले, काही चालू, आणि लॉगिनचं पान उघडतं म्हणून मॉनिटरिंगला वाटतं सगळं ठीक आहे.

दुसरा प्रकार: लॉगमध्ये काहीच नाही. लॉग मधेच तुटलेला. अशा वेळी ॲप्लिकेशनचा लॉग चाळत बसू नका, कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचा, लॉग बघा. "डीमेसेज" किंवा "जर्नलसीटीएल" यांत "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस" अशी ओळ आणि शेजारी जावाचं नाव मिळेल. हे कर्नलच्या ओओएम किलरचं, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेचं, काम. ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या मर्यादा असलेल्या बंदिस्त डब्यात, चालत असेल तर एक्झिट कोड १३७ दिसतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९. मात्र १३७ म्हणजे मेमरीच, असं धरू नका. कंटेनर वेळेत बंद झाला नाही म्हणून जबरदस्तीने मारला तरी हाच कोड येतो. डॉकरच्या "इन्स्पेक्ट"मध्ये "ओओएमकिल्ड"समोर "ट्रू" आहे का ते पाहा.

तिसरा प्रकार तुलनेने कमी भेटतो. जेव्हीएमने ऑपरेटिंग सिस्टमकडे मेमरी मागितली, तिने नाही म्हटलं आणि जेव्हीएमने स्वतःच मान टाकली. त्या वेळी ती ज्या फोल्डरमधून सुरू झाली होती तिथे "एचएस-एरर-पीआयडी" नावाची फाइल पडलेली असते. वरच्याच ओळीत अपुऱ्या मेमरीचा उल्लेख असतो.

पहिल्या प्रकारात हीप वाढवणं हा विचार करण्याजोगा उपाय आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात बहुतेक वेळा हीप कमी करावी लागते. सुरुवातीच्या बैठकीतली गफलत नेमकी इथे झाली.

पहिल्या प्रकारातही एररच्या पुढचे शब्द नीट वाचा. "जावा हीप स्पेस" असेल तर प्रश्न हीपचा. "जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड" म्हणजे जवळपास ९८ टक्के वेळ जीसीत, म्हणजे नको झालेल्या ऑब्जेक्टचा कचरा गोळा करण्यात, जातोय आणि हाती २ टक्क्यांहून कमी हीप मोकळी होतेय. हीसुद्धा हीपचीच तक्रार. "मेटास्पेस" असेल तर क्लासची माहिती साठवणारी जागा संपली, तिथे एक्सएमएक्सचा काही उपयोग नाही. "डायरेक्ट बफर मेमरी"चा, म्हणजे नेटवर्क आणि फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी थेट घेतलेल्या जागेचा, साठाही हीपच्या बाहेरचा. आणि "अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड" दिसलं तर अनेकदा मेमरीचा संबंधच नसतो. युजरची प्रोसेस-मर्यादा किंवा सिस्टमडीमधलं, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेतलं, "टास्क्समॅक्स" आडवं आलेलं असतं. अशा वेळी हीप वाढवली तर थ्रेडच्या स्टॅकसाठी उरलेली जागा आणखी कमी होते.

"फ्री"चा आकडा बघून घाबरू नका

"फ्री" कमांड चालवली की त्याच नावाच्या रकान्यात जेमतेम दोनशे-तीनशे एमबी दिसतात आणि फोन सुरू होतात. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडतो. बघायचा रकाना "अव्हेलेबल"चा. तो भरपूर असेल तर मशीनची तब्येत ठीक आहे. तसंच "टॉप"मध्ये "व्हर्ट"खाली १२ जीबी दिसले तर दुर्लक्ष करा, ती नुसती राखून ठेवलेली पत्त्यांची जागा असते. खरी वापरलेली रॅम "रेस"खाली.

एक्सएमएक्स ही फक्त हीपची मर्यादा

"एक्सएमएक्स ६ जीबी दिला, मग प्रोसेस साडेसात जीबी कशी खाते?" हा प्रश्न सतत येतो. जेव्हीएमकडे हीपखेरीज बरंच काही असतं, आणि एक्सएमएक्स त्यातल्या कशालाच लगाम घालत नाही.

मेटास्पेस जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, पर्मजेन या जुन्या जागेऐवजी आली. ती हीपबाहेर राहते आणि कमाल मर्यादा दिली नाही तर तिला मर्यादाच नसते. मोठ्या फ्रेमवर्कवर उभ्या असलेल्या ॲप्लिकेशनला इथे काहीशे एमबी सहज लागतात. प्रत्येक थ्रेडला स्टॅक हवा. ६४ बिट लिनक्सवर तो पूर्वनिर्धारित १ एमबी असतो. टॉमकॅटचे कमाल वर्कर थ्रेड २००, त्यात डेटाबेस पूल, शेड्युलर, मेसेज क्यूचे कन्झ्युमर. सगळे थ्रेड पूर्ण स्टॅक वापरत नाहीत हे खरं, पण आकडा शून्यही नसतो. चालता चालता मशीन कोड बनवणाऱ्या जेआयटी कंपायलरने तयार केलेला कोड ज्या कोड कॅशमध्ये राहतो, तिच्यासाठी २४० एमबीपर्यंत जागा राखलेली असते. कचरा गोळा करणाऱ्या जी-वनला स्वतःच्या नोंदी ठेवायला हीपच्या काही टक्के जागा लागते.

आणि डायरेक्ट बफर. याची मर्यादा वेगळी दिली नाही तर ती साधारण एक्सएमएक्सएवढीच धरली जाते. म्हणजे ६ जीबी हीप दिलीत तर कागदावर आणखी ६ जीबी डायरेक्ट मेमरीची परवानगी तुम्ही न कळत देऊन टाकली. नेटी ही नेटवर्कची लायब्ररी वापरणारी दुसरी लायब्ररी तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये असेल तर "मॅक्सडायरेक्टमेमरीसाइझ" स्पष्ट लिहाच.

आता ८ जीबीचं मशीन घ्या. हीप ६, बाकीचं मिळून एक-सव्वा जीबी, ऑपरेटिंग सिस्टम, लॉग पाठवणारा एजंट, मॉनिटरिंगचा एजंट. दिवसभर कसंबसं बसतं. रात्री बॅकअप सुरू होतो, त्याला काहीशे एमबी लागतात आणि कर्नलला कोणाला तरी मारावंच लागतं. निवड करताना तो मुख्यतः कोण किती मेमरी खातंय ते बघतो, त्यामुळे बळी जावाचा जातो. मेलेली प्रोसेस जावाची असली तरी त्या घडीला धक्का दिलेला असतो बॅकअपने. म्हणूनच प्रोसेस कायम ठरावीक वेळी मरत असेल तर कोड तपासण्याआधी क्रॉनटॅब, म्हणजे ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांची यादी, वाचा.

सुरुवातीला हीपला एकूण मेमरीच्या साधारण निम्मी जागा द्या आणि मग मोजून बदला. ८ जीबीच्या, एकच ॲप्लिकेशन चालणाऱ्या मशीनवर मी ४ पासून सुरुवात करेन, साडेचारच्या वर मोजल्याशिवाय जाणार नाही.

दिलेलं सेटिंग लागू तरी झालंय का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते वारंवार परत येणाऱ्या तक्रारींचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. फाइलमध्ये बदल केला म्हणजे प्रोसेसला तो मिळाला असं नाही. "जेसीएमडी" कमांडला प्रोसेसचा क्रमांक देऊन "व्हीएम.फ्लॅग्ज" आणि "व्हीएम.कमांडलाइन" विचारा. चालू प्रोसेस स्वतः काय मानते, ते तिच्याच तोंडून कळतं.

तिथे कोणते घोळ सापडतात?

एक्सएमएक्स दोनदा. कोणीतरी पूर्वी स्क्रिप्टमध्ये घातलेला, कोणीतरी नंतर सर्व्हिस फाइलमध्ये. शेवटी आलेला जिंकतो. वरच्या फाइलमध्ये कितीही आकडे बदला, खालचा जुना २ जीबी तुमच्यावर कुरघोडी करत राहतो.

टॉमकॅट सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटईएनव्ही फाइलमध्ये, जावाला द्यायचे पर्याय ठेवणाऱ्या "कॅटालिनाऑप्ट्स" या चलाला आधीच्या किमतीत भर न घालता नवी किंमत दिलेली. मग सिस्टमडीच्या युनिटमध्ये लिहिलेलं सगळं पुसलं जातं, कारण सेटईएनव्ही नंतर वाचली जाते.

हीपचं सेटिंग "जावाऑप्ट्स" या दुसऱ्या चलामध्ये. हे दिसायला निरुपद्रवी, पण त्रासदायक. "जावाऑप्ट्स" टॉमकॅट सुरू करतानाही लागू होतं आणि बंद करतानाही. बंद करण्याची कमांड ही स्वतः एक छोटी जावा प्रोसेस असते. एक्सएमएस, म्हणजे सुरुवातीची हीप, आणि एक्सएमएक्स दोन्ही ६ जीबी असतील तर तीही ६ जीबी मागते, तिला ते मिळत नाहीत आणि टॉमकॅट बंदच होत नाही. मग लोक किल मारतात. हीपचे आकडे "कॅटालिनाऑप्ट्स"मध्ये ठेवा. ते फक्त सर्व्हर चालू करतानाच वापरलं जातं.

विंडोजवर टॉमकॅट सर्व्हिस म्हणून बसवला असेल तर सेटईएनव्हीची बॅच फाइल वाचलीच जात नाही. तिथे सर्व्हिसच्या व्यवस्थापन खिडकीतल्या जावा टॅबमध्ये आकडे भरावे लागतात. हे माहीत नसल्याने माणसं तासन्‌तास बॅच फाइल बदलत बसतात.

"जावाटूलऑप्शन्स" हे पर्यावरण चल कोणी भरून ठेवलं असेल तर सुरू होतानाच "पिक्ड अप" अशी ओळ येते. ती वाचा. कमांडवर दिलेला पर्याय त्याच्यावर मात करतो, पण कमांडवर काहीच नसेल तर हाच लागू होतो.

आकड्यापुढचं अक्षर विसरणं: एक्सएमएक्सला नुसतं ४०९६ दिलं तर जेव्हीएम ते ४०९६ बाइट समजते आणि हीप फारच लहान आहे म्हणत सुरूच होत नाही. पुढे एम किंवा जी हवं, आणि मधे स्पेस नको. जुन्या सर्व्हरवरून उचललेल्या स्क्रिप्टमध्ये "मॅक्सपर्मसाइझ" राहिलेलं असतं. जावा ८ नुसता इशारा देऊन पुढे जातो, १७ मात्र असा पर्याय ओळखत नाही म्हणून सुरू व्हायलाच नकार देतो.

आणि काहीच दिलं नसेल तर? जेव्हीएम एकूण मेमरीच्या एक चतुर्थांशाएवढी कमाल हीप धरते. एकाच मशीनवर अशी चार ॲप्लिकेशन असतील तर हीपमध्येच सगळी रॅम संपली.

कंटेनरमध्ये वेगळी पंचाईत

जावा ८ च्या १९१ व्या अपडेटच्या आधी जेव्हीएमला कंटेनरची मर्यादा दिसतच नव्हती. होस्टवर ६४ जीबी आणि कंटेनरला २ जीबी असले तरी ती ६४ चा चतुर्थांश, म्हणजे १६ जीबी, हीप धरून बसायची. हीप थोडी भरली की कंटेनर मारला जायचा. ८ चं १९१ वं अपडेट आणि जावा १० पासून हे सुधारलं.

सुधारल्यावर उलटी तक्रार सुरू झाली. मेमरीचे किती टक्के हीपला द्यायचे ते सांगणारा "मॅक्सरॅमपर्सेंटेज" न दिल्यास २५ टक्के धरले जातात. २ जीबीच्या कंटेनरमध्ये हीप मिळते ५१२ एमबी, बाकीची जागा रिकामी आणि ॲप्लिकेशन हीपसाठी रडतंय. साधारण ६० ते ७५ टक्के ठेवा. लहान कंटेनरला टक्का कमी ठेवा, कारण मेटास्पेस आणि कोड कॅश कंटेनर लहान आहे म्हणून लहान होत नाहीत. एक्सएमएक्स दिलेला असेल तर टक्क्याकडे बघितलंही जात नाही, हे लक्षात ठेवा.

"कोड बदलला नाही, इमेज बदलली नाही, तरी गेल्या अपग्रेडपासून कंटेनर मरतायत." इथे होस्टची ऑपरेटिंग सिस्टम बदलली का, ते विचारा. नव्या लिनक्स वितरणांमध्ये सीग्रुपची, म्हणजे कंटेनरच्या मर्यादा लावणाऱ्या कर्नलच्या सोयीची, दुसरी आवृत्ती पूर्वनिर्धारित असते. ती समजणारी जेव्हीएम म्हणजे जावा १५ आणि पुढच्या, ११ मध्ये ११.०.१६ पासून, ८ मध्ये ३७२ व्या अपडेटपासून. त्याआधीची जेव्हीएम पुन्हा आंधळी होते आणि होस्टची सगळी रॅम आपलीच समजते. जावाची किरकोळ आवृत्ती वाढवली की प्रश्न मिटतो.

हीप स्थिर, तरी प्रोसेस फुगतेय

हीपचा आलेख ठीक आहे पण "रेस" चढतोय, असं असेल तर नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग चालू करा. "नेटिव्हमेमरीट्रॅकिंग" या पर्यायाला "समरी" किंमत देऊन सर्व्हर सुरू करायचा. थोडा वेग जातो, पण शोधापुरतं चालतं. ॲप्लिकेशन तापल्यावर, म्हणजे तासाभराने, "जेसीएमडी"ने "बेसलाइन" घ्या. दुसऱ्या दिवशी "समरी.डिफ" मागा. क्लास, थ्रेड, कोड, जीसी, इतर, यांपैकी कोण वाढलं ते समोर येतं. थ्रेड वाढत असतील तर कोणीतरी प्रत्येक विनंतीला नवा पूल तयार करतंय. क्लास वाढत असेल तर रनटाइमला क्लास तयार करणारी लायब्ररी किंवा पुन्हापुन्हा केलेलं डिप्लॉय.

या साधनाला एक मर्यादा आहे. नेटिव्ह लायब्ररींनी परस्पर घेतलेली मेमरी त्याला दिसत नाही. त्याची बेरीज आणि "रेस" यांत मोठी तफावत असेल तर दोन ठिकाणी संशय घ्या. एक, कॉम्प्रेशनचे न बंद केलेले स्ट्रीम. झीलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीची मेमरी हीपबाहेर असते आणि "क्लोज" झाल्याशिवाय वेळेवर सुटत नाही. दुसरा, जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचे ॲरिना, म्हणजे मेमरी वाटपासाठी तिने राखलेले साठे. ६४ बिट मशीनवर ते कोअरच्या ८ पट होऊ शकतात आणि "पीमॅप"मध्ये ६४ एमबीचे तुकडेच तुकडे दिसतात. "मॅलॉक ॲरिना मॅक्स" हे चल २ वर ठेवून बघा. एका ओळीचा बदल आहे आणि बऱ्याच कोअरच्या मशीनवर फरक लगेच जाणवतो.

हीपमध्येच गळती असेल तर

हीपचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो, तो तसाच असायला हवा. बघायचं ते दात्यांच्या तळाकडे. पूर्ण कचरा गोळा झाल्यानंतर उरलेला वापर रोज थोडाथोडा वर सरकत असेल तर गळती. तळ सपाट असेल तर नाही, मग वरची टोकं ९० टक्क्यांना लागली तरी हरकत नाही. "जेस्टॅट"ला "जीसीयुटिल" देऊन ओल्ड जनरेशनचा, म्हणजे जास्त काळ टिकलेल्या ऑब्जेक्टच्या भागाचा, रकाना बघा किंवा जीसीचा लॉग कायम चालू ठेवा. त्याचा खर्च नगण्य आहे आणि अडचणीच्या रात्री तो सोन्याच्या मोलाचा ठरतो.

गळती नक्की झाली की हीप डंप, म्हणजे हीपची फाइलमध्ये उतरवलेली प्रत. "हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर" आधीपासून चालू ठेवा आणि डंपची जागा अशा डिस्कवर द्या जिथे हीपएवढी मोकळी जागा आहे. नाहीतर डंप अर्धवट येतो आणि डिस्क भरून दुसरंच काहीतरी बंद पडतं. डंपमध्ये पासवर्ड, टोकन, ग्राहकांची माहिती सगळं उघडं असतं, तो कोणालाही मेलने पाठवू नका. एक्लिप्सच्या मेमरी ॲनलायझरमध्ये उघडून डॉमिनेटर ट्री, म्हणजे कोणता ऑब्जेक्ट किती मेमरी धरून बसलाय त्याची यादी, बघा. सगळ्यात वरची दोन-तीन नावं बहुतेक वेळा पुरतात.

तिथे कोण सापडतं हे बव्हंशी ठरलेलं आहे. स्टॅटिक मॅपमध्ये भरत जाणारा आणि कधीच न रिकामा होणारा घरगुती कॅश. बॉटच्या प्रत्येक हिटमागे तयार होणारी, अर्धा तास जिवंत राहणारी सेशन. थ्रेड पूलमध्ये अडकलेले थ्रेडलोकल, म्हणजे एकेका थ्रेडपुरती ठेवलेली मूल्यं. आणि रिपोर्टची क्वेरी. ही शेवटची खरी गळती नसतेच. पोस्टग्रेस डेटाबेसचा जेडीबीसी, म्हणजे जावाला डेटाबेसशी जोडणारा, ड्रायव्हर ऑटोकमिट चालू असताना क्वेरीचा सगळा निकाल मेमरीत ओढतो. फेच साइझ दिलेला असला तरी ऑटोकमिट बंद केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. मायएसक्यूएलचा ड्रायव्हरही आपणहून सगळ्या ओळी आणतो. टेबल लहान असताना चालून गेलेला रिपोर्ट दोन वर्षांनी सर्व्हर पाडतो. इथे हीप वाढवणं म्हणजे फक्त तारीख पुढे ढकलणं.

टॉमकॅट न थांबवता डिप्लॉय करत असाल तर थांबताना लॉगमध्ये थ्रेड बंद न केल्याचा आणि मेमरी लीकचा इशारा येतो. तो वाचा. एक अडकलेला थ्रेड जुना क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) आणि त्याच्यासोबत अख्खं जुनं ॲप्लिकेशन धरून ठेवतो. प्रॉडक्शनवर मी तरी पूर्ण रीस्टार्टनेच डिप्लॉय करतो.

दोन किरकोळ गोष्टी

स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा: कचरा गोळा करताना जेव्हीएम हीपमधल्या दूरदूरच्या पानांना हात लावते. त्यातली काही स्वॅपमध्ये गेली असतील तर मिलिसेकंदांचा थांबा सेकंदांवर जातो, हेल्थ चेक फसतो आणि लोड बॅलन्सर सर्व्हर बाहेर काढतो. "व्हीएमस्टॅट"मधले स्वॅपचे दोन रकाने शून्य हवेत.

मोठ्या मशीनवाल्यांसाठी: हीप ३२ जीबीच्या जरा खाली असेपर्यंत ऑब्जेक्टचे संदर्भ ४ बाइटमध्ये बसतात, ती हद्द ओलांडली की ८ लागतात. त्यामुळे ३१ ची हीप ३३ च्या हीपपेक्षा जास्त ऑब्जेक्ट सामावू शकते.

रीस्टार्ट मारण्याआधी

रात्री तीनला फोन आला की रीस्टार्ट करावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण त्याआधीची दोन मिनिटं पुरावा गोळा करायला द्या: "जेसीएमडी"चे फ्लॅग, क्लास हिस्टोग्राम, थ्रेड डंप, चालू असेल तर नेटिव्ह मेमरीचा सारांश, "फ्री" आणि "टॉप"चा निकाल. प्रोसेस आधीच मेली असेल तर कर्नलचा लॉग आणि जीसीचा लॉग बाजूला काढून ठेवा, कारण फाइलचं नाव ठरावीक असेल तर रीस्टार्टनंतर जुना जीसी लॉग पुसला जाऊ शकतो. लॉगच्या नावात वेळ घालण्याची सोय जेव्हीएममध्ये आहे, ती वापरा. रोज पहाटे क्रॉनने रीस्टार्ट लावून ठेवणाऱ्यांनी निदान त्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत हिस्टोग्राम तरी फाइलमध्ये लिहून घ्यावा. आठवडाभराच्या सात फाइली शेजारीशेजारी ठेवल्या की कुठल्या क्लासचा आकडा वाढतोय ते डंप न उघडताही दिसतं.